पडलेलं पान: हैतीतल्या एका बंदी घातलेल्या गाण्याचा प्रकरण अभ्यास

३० सप्टेंबर १९९१ रोजी हैतीच्या लष्करानं बंड केलं आणि राष्ट्राध्यक्ष झाँ-बर्त्रां आरिस्तिद यांना देशाबाहेर घालवलं. ७ फेब्रुवारीला त्यांनी शपथ घेतली होती, म्हणजे आठ महिनेही झाले नव्हते. डिसेंबर १९९० च्या निवडणुकीत त्यांना सुमारे ६७ टक्के मतं पडली होती. बंडानंतर सैनिकांनी रेडिओ केंद्रांवर हल्ले केले, अनेक केंद्रं बंद पडली. आरिस्तिद यांचं चित्र घरात सापडणं धोक्याचं झालं.

अशा वातावरणात, १९९२ साली, ‘राम’ नावाच्या वाद्यवृंदाचं ‘फेय’ हे गाणं रेडिओवर वाजू लागलं. हैतीतल्या लोकांच्या रोजच्या क्रेयॉल भाषेत ‘फेय’ म्हणजे पान, झाडाचं पान. गाण्यात आरिस्तिद यांचं नाव नाही. लष्कर, बंड, निवडणूक, यातलं काहीही नाही. शब्द जुने, लोकपरंपरेतले. तरीही काही आठवड्यांत ते हद्दपार राष्ट्राध्यक्षांच्या बाजूचं अघोषित राष्ट्रगीत होऊन बसलं. उन्हाळा येईपर्यंत ते वाजवायला आणि गायलाही बंदी आली होती. गायक-गीतकार रिचर्ड मोर्स यांना ठार मारण्याच्या धमक्या येत होत्या.

ज्या गाण्यात आक्षेप घ्यावा असा एक शब्द नाही, त्याला बंदुका बाळगणारी राजवट का घाबरली, हा या प्रकरणातला प्रश्न आहे. आमचं उत्तर असं: मोर्स यांचं कौशल्य त्यांनी गाण्यात काय घातलं यापेक्षा कशाला हात लावला नाही यात आहे. आणि हात कशाला लावायचा नाही, हे त्यांना घराण्यातून आणि वोडूतून कळलं होतं.

(‘वूडू’ म्हटलं की टाचण्या टोचलेली बाहुली आठवते, ती सिनेमातली. हैतीचा वोडू हा धर्म आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी तो हैतीत घडवला. त्यात ‘लवा’ नावाच्या दैवी शक्ती आहेत, ‘उंगान’ आणि ‘मान्बो’ हे पुजारी-पुजारिणी आहेत, आणि गाणं हा त्यातला मुख्य विधी आहे.)

आजोबा, आई, मुलगा

रिचर्ड मोर्स यांच्या आईचे वडील ऑग्यूस्त दे प्रादीन. लोक त्यांना ‘कांजो’ म्हणत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले ते नावाजलेले गीतकार-गायक. फ्रेंच ही प्रतिष्ठेची भाषा असलेल्या समाजात ते क्रेयॉलमध्ये गात.

आई एमेरांत दे प्रादीन या गायिका आणि नर्तकी. नृत्यशिक्षण त्यांनी न्यूयॉर्कमध्ये आधुनिक नृत्याच्या नामवंत गुरू मार्था ग्रॅहम यांच्याकडे घेतलं. वोडूची गाणी शहरी रंगमंचावर आणि रेडिओवर उघडपणे गाणाऱ्या पहिल्या काही जणींत त्यांची गणना होते. हे धाडस किती मोठं होतं, ते काळ पाहिला की लक्षात येतं. १९३५ च्या एका फर्मानानं ‘अंधश्रद्धेच्या प्रथा’ गुन्हा ठरवल्या होत्या. १९४१-४२ मध्ये कॅथलिक चर्चनं सरकारच्या साथीनं मोहीम काढली. ढोल जाळले गेले, मंदिरं उद्ध्वस्त झाली, पवित्र मानलेली झाडं तोडली गेली. त्या दशकात सुशिक्षित घरातल्या मुलीनं लवांची गाणी माइकसमोर गाणं म्हणजे सगळ्या आळीच्या तोंडाला तोंड देणं होतं. १९३५ चं ते फर्मान १९८७ च्या राज्यघटनेनं रद्द केलं. वोडूला धर्म म्हणून सरकारी मान्यता मिळाली ती थेट एप्रिल २००३ मध्ये.

रिचर्ड यांचा जन्म १९५७ चा, पोर्तो रिकोतला. वाढले अमेरिकेत. वडील अमेरिकन, लॅटिन अमेरिकेच्या इतिहासाचे प्राध्यापक. प्रिन्स्टनमध्ये मानववंशशास्त्राची पदवी, मग न्यू जर्सीत पंक-न्यू वेव्ह धाटणीचा बँड. १९८५ मध्ये ते हैतीच्या तालांचा शोध घ्यायला आले आणि राहिले. १९८७ मध्ये पोर्ट-ओ-प्रिन्समधलं ओलोफसन हॉटेल त्यांनी भाडेपट्ट्यानं चालवायला घेतलं. लाकडी नक्षीच्या कठड्यांचं हे जुनं घर. अमेरिकेच्या ताब्याच्या काळात (१९१५ ते १९३४) तिथं लष्करी रुग्णालय होतं. हॉटेलात पाहुण्यांसमोर नाचण्यासाठी लोककला पथक होतं, त्यात गायिका-नर्तकी ल्यूनिझ होत्या. पुढं त्यांचं मोर्स यांच्याशी लग्न झालं. १९९० मध्ये या सगळ्यांतून ‘राम’ उभा राहिला. नाव मोर्स यांच्या आद्याक्षरांवरून पडलं आहे, आपल्या रामाशी त्याचा संबंध नाही.

म्हणजे ज्याला हैती ‘वारशानं’ मिळाली होती त्या माणसाला ती प्रत्यक्षात शिकावी लागली. क्रेयॉल, ताल, गाण्यांचा क्रम, सगळं. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण वारसा सांगणाऱ्या कलाकारांची पहिली चूक इथंच होते. रक्तात आहे म्हणून येतं, असं ते धरून चालतात. रक्तात ताल नसतो. हॉटेलच्या पथकातले ढोलवादक, गायिका, नाचणाऱ्या बायका हे मोर्स यांचे गुरू होते, आणि त्यांतले बरेच जण त्यांच्यापेक्षा खूप गरीब घरांतले होते. त्यातून उभा राहणारा हक्काचा आणि पैशाचा प्रश्न पुढं घेतला आहे.

गाण्यात काय आहे

गाणं पानाच्या तोंडी आहे. मला माझ्या फांदीवर बघा, असं पान म्हणतं. वाईट वादळ आलं आणि त्यानं मला खाली टाकलं. मी पडलो तो दिवस माझ्या बुडण्याचा दिवस नव्हे. आणि त्यांना माझी गरज पडेल तेव्हा मी त्यांना कुठं सापडणार? मग देवाला आणि संत निकोलसला हाक, आणि शेवटी एका आईचा टाहो: एकुलता एक मुलगा होता, त्याला देश सोडून जायला लावलं.

आता हे वोडूच्या कानांनी ऐकायला हवं. वोडूत पान ही शोभेची गोष्ट नाही. पान हे औषध. जडीबुटीच्या वैद्याला हैतीत ‘पानांचा डॉक्टर’ म्हणतात. लोको आणि ग्रां ब्वा हे लवा झाडांचे आणि रानाचे. दीक्षेच्या स्नानात पानं चुरतात, आजाऱ्याच्या अंगाला पानं चोळतात. औषधी पान फांदीवर असताना जेवढं कामाचं, त्याहून जास्त ते तोडल्यावर कामाचं. म्हणून ‘पडलो म्हणजे बुडालो नाही’ ही ओळ अशा श्रोत्याला कविकल्पना वाटत नाही, ती त्याला रोजच्या वापरातली गोष्ट वाटते. ‘गरज पडेल तेव्हा कुठं सापडणार’ यातली धमकीही त्याला लगेच कळते: औषध तुम्ही फेकलंत, आता आजारी पडा आणि शोधा.

एक गल्लत टाळावी. ‘फेय ओ’ अशी हाक असलेलं दुसरंही एक प्रसिद्ध हैतीयन लोकगीत आहे. त्यात लेकरू आजारी आहे, आई वैद्याकडे धावते आणि पानांना ‘माझा जीव वाचवा’ म्हणते. १९७३ मध्ये आर्ट गारफंकल यांनी ते ध्वनिमुद्रित केलं, म्हणून बाहेरच्या जगाला तेच जास्त ठाऊक आहे. दोन्ही गाण्यांत पान आहे, पण एकात माणूस पानाला बोलतो आणि दुसऱ्यात पान स्वतः बोलतं. १९९२ चं गाणं म्हणजे पान स्वतः बोलतं ते.

भाषेकडेही नीट बघू. क्रेयॉलमध्ये ‘यो’ म्हणजे ‘ते’, तिसरा पुरुष अनेकवचन. कर्ता सांगायचा नसेल तेव्हाही हाच ‘यो’ वापरतात. कारण क्रेयॉलमध्ये कर्मणी रचना फारशी नाही, त्याऐवजी ‘यो’नं काम केलं असं म्हणतात. त्यामुळे शेवटच्या ओळीचा अर्थ ‘त्याला देश सोडावा लागला’ असा साधाही होतो आणि ‘त्या लोकांनी त्याला घालवलं’ असा बोट दाखवणाराही होतो. दोन्ही अर्थ व्याकरणानं बरोबर. मराठीत ‘त्याला देश सोडायला लावलं’ म्हटलं की कर्ता असाच गुलदस्त्यात राहतो, म्हणून मराठी वाचकाला ही गंमत चटकन कळेल.

आणि ‘एकुलता एक मुलगा’ कोण? आरिस्तिद, हा पहिला अर्थ. पण त्याच महिन्यांत हजारो हैतीयन माणसं फुटक्या-तुटक्या होड्यांतून समुद्रात उतरत होती. अमेरिकी तटरक्षक दल त्यांना पकडून क्यूबातल्या ग्वांतानामोच्या आपल्या तळावर ठेवत होतं. मे १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला की यापुढं समुद्रात सापडलेल्यांना आश्रयाची चौकशी न करता परस्पर हैतीला परत सोडायचं. ज्या आईचा मुलगा होडीत बसला होता तिला ही ओळ गाताना राजकारणाचा विचार करायची गरजच नव्हती. आमच्या मते गाणं इतक्या घराघरांत गेलं ते या दुसऱ्या अर्थामुळे. पहिला अर्थ घोषणा होता, दुसरा दुखणं होता, आणि दोन्ही एकाच श्वासात गाता येत होते.

प्वें: लेकी बोले सुने लागे

हैतीत या पद्धतीला नाव आहे: ‘प्वें टाकणं’. प्वें म्हणजे टोक, बिंदू. वोडूत हाच शब्द एका जागी एकवटलेल्या शक्तीसाठीही वापरतात. बोलण्यात प्वें टाकणं म्हणजे एकाला उद्देशून असं बोलायचं की लागावं दुसऱ्याला, आणि ज्याला लागलं त्याला तक्रार करता येऊ नये. आपल्याकडे ‘लेकी बोले सुने लागे’ म्हणतात, अगदी तेच. शेजारणीशी भांडण असलेली बाई कपडे धुता धुता एखादं गाणं मोठ्यानं म्हणते. शेजारीण चिडली, तर तिनं स्वतःच कबूल केलं की गाणं तिच्यावर आहे.

कांजोंच्या काळातही हेच शस्त्र होतं. अमेरिकेच्या ताब्याच्या वर्षांत ‘आंजेलिक ओ’ हे गाणं लोकप्रिय झालं. वरवर पाहता ते एका मुलीला सांगतं की तुला धुणं-इस्त्री येत नाही, जा आपल्या आईकडे. ऐकणाऱ्याला कळत होतं की ‘घरी जा’ कोणाला म्हटलं जातंय. बंदुकधारी परदेशी शिपाई मात्र धुण्याच्या गाण्याविरुद्ध कोणता गुन्हा नोंदवणार?

प्वें टिकण्यासाठी तीन गोष्टी लागतात. वरचा अर्थ पूर्ण हवा: राजकारण काढून टाकलं तरी गाणं गाणं म्हणून उभं राहिलं पाहिजे. गाणं आधीपासून लोकांचं हवं, म्हणजे ‘हे आम्ही रचलेलंच नाही’ असं खरेपणानं म्हणता येतं. आणि ज्याच्यावर बाण आहे त्याचं नाव कुणीही, कधीही घ्यायचं नाही, मुलाखतीतसुद्धा नाही. या तिसऱ्या अटीवर बहुतेक जण घसरतात. गाणं गाजलं की कलाकाराला अर्थ सांगण्याचा मोह होतो, आणि त्याच क्षणी प्वें पत्रक होतं.

त्याच काळातली दुसरी उदाहरणं शेजारी ठेवली की फरक दिसतो. मानो शार्लमाञ हे गिटार घेऊन थेट नावानिशी टीका करणारे गायक-गीतकार. बंडानंतर, ऑक्टोबर १९९१ मध्ये त्यांना अटक झाली. सुटल्यावर त्यांना अर्जेंटिनाच्या दूतावासात आश्रय घ्यावा लागला. ‘बुकमन एक्स्पेरियन्स’ या वाद्यवृंदानं १९९२ मध्ये ‘कालफू दांजेरे’ (धोक्याचा चौक) हे गाणं आणलं. चौक म्हणजे वोडूत कालफू या लवाची जागा, आणि गाण्यात खोटं बोलणाऱ्यांना, जीव घेणाऱ्यांना इशारा होता. राजवटीनं ते हिंसक ठरवून त्यावर बंदी घातली. ही गाणी ‘फेय’पेक्षा कमी दर्जाची अजिबात नाहीत, धैर्यात तर काकणभर सरसच असतील. पण इशारा उघड असला की सेन्सॉरचं काम सोपं होतं, त्याला बोट ठेवायला शब्द मिळतो.

‘फेय’नं राजवटीला पेचात पकडलं. गाणं चालू द्यावं तर रोज लाखो लोक गातात. बंद करावं तर आधी कबूल करावं लागतं की पान म्हणजे आरिस्तिद, वादळ म्हणजे आपण, आणि पडलेलं पान अजून जिवंत आहे. शेवटी त्यांनी बंदी घातली, आणि गाण्याचा अर्थ सरकारी शिक्क्यानिशी पक्का करून दिला.

आवाज कसा बांधतात

‘राम’ ज्या प्रकारात मोडतो त्याला ‘मिझिक रासिन’ म्हणतात, मुळांचं संगीत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस काही तरुण गावागावांतल्या वोडू मंदिरांत जाऊन ताल शिकले. त्यांनी त्यांना विजेची गिटार, बास आणि कीबोर्ड जोडले. ऐकायला सोपं वाटतं. बांधायला अवघड आहे, आणि कुठं बिघडतं ते सांगण्यासारखं आहे.

वोडूचे ढोल ढोबळमानानं दोन घराण्यांचे. ‘रादा’ ढोल तीन: सर्वांत मोठा मान्मान (आई), मधला सेगॉन, लहान बूला. त्यांना गाईचं कातडं असतं आणि ते लाकडी खुंट्यांनी ताणतात. ‘पेट्वो’ ढोल दोन, बकरीच्या कातड्याचे, दोरीनं आवळलेले, नुसत्या हातांनी वाजवायचे. दोन्हींच्या वर ‘ओगान’, म्हणजे लोखंडाचा तुकडा किंवा घंटा, पुष्कळदा कुदळीचं जुनं पातं. ओगान हा सगळ्यांचा लंगर. बूला सतत एकसारखा, सेगॉन त्याच्याशी बोलणारा, आणि मान्मान वाट दाखवणारा.

पहिला बिघाड ड्रमसेटमुळे होतो. रॉकची सवय असलेला ड्रमर चार मात्रांत दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअर (ड्रमसेटमधला कडक वाजणारा छोटा ड्रम) मारतो. हैतीत ईस्टरआधी रस्त्यांवर निघणाऱ्या ‘रारा’ मिरवणुकांचा पाया ३+३+२ असा आठाचा आहे, म्हणजे ठोके पहिल्या, चौथ्या आणि सातव्या अंशावर. स्नेअर पडतो तिसऱ्या आणि सातव्या अंशावर. सातव्यावर दोघं भेटतात, तिसऱ्यावर स्नेअर एकटा, आणि आवाजानं तोच मोठा. ऐकणाऱ्याचा कान स्नेअरला मुख्य धरतो आणि ओगान नक्षी वाटू लागतो. इमारत उलटी होते. उपाय सोपा पण ड्रमरच्या जिवावर येणारा: स्नेअर सोडून द्यायचा, बास ड्रम चारही मात्रांवर हलका ठेवायचा, उरलेलं ढोलवाल्यांवर सोपवायचं.

यानवालू या रादा तालात वेगळी अडचण. तो १२ अंशांचा. तेच १२ अंश तीन-तीनांचे चार गटही वाटतात आणि दोन-दोनांचे सहा गटही, आणि दोन्ही एकाच वेळी ऐकू येणं हाच त्या तालाचा जीव. गिटारवादक चार मोजून प्रत्येक मात्रेचे दोन तुकडे करू लागला की बाराचे आठ होतात आणि ढोल अडखळल्यासारखे वाटतात. इथं दोष ढोलवाल्यांना दिला जातो, आणि तो हमखास चुकीचा असतो.

मग बांबू. रारा पथकांत ‘वाक्सिन’ नावाच्या बांबूच्या तुताऱ्या असतात. ओठांनी फुंकायच्या, प्रत्येकीतून मुख्यतः एकच सूर. तीन ते पाच वादक आपापला एक सूर आळीपाळीनं टाकतात आणि त्या तुकड्यांतून धून तयार होते. काठीनं बांबूच्या अंगावर ठेकाही धरतात. एका वादकाची जागा रिकामी राहिली की धुनेला भोक पडतं, म्हणून आजारी पडणाऱ्याची बदली आधी ठरलेली हवी.

वाक्सिन आणि गिटार जुळवणं हे खरं कसबाचं काम. सुतासारखी सरळ पोकळी आणि एका बाजूनं ओठांनी बंद अशी नळी धरली, तर एक मीटर लांबीतून साधारण ८६ हर्ट्झचा सूर मिळतो, म्हणजे खालच्या सप्तकातल्या सफेद चारच्या जवळपास. लांबी साडेपाच सेंटिमीटरनं कमी केली की सूर अर्ध्या स्वरानं चढतो. म्हणजे एक सेंटिमीटर कापला तरी अर्ध्या स्वराच्या पाचव्या-सहाव्या भागाएवढा फरक पडतो, आणि तो कानाला कळतो. बांबूची आतली जाडी एकसारखी नसते, म्हणून हिशेब नुसता सुरुवातीपुरता. रीत अशी: मापापेक्षा तीन-चार सेंटिमीटर लांब ठेवून कापायचं, वाजवून बघायचं, मग कानशीनं थोडं थोडं उतरवायचं. जास्त कापलेला बांबू परत जोडता येत नाही. पथकाचे जुने, मुरलेले बांबू असतील तर त्यांना कानस लावायचीच नाही. त्या वेळी गिटार आणि बास बांबूला जुळवून घ्यायचे. कीबोर्डला सूर सरकवायची कळ असते, ती याचसाठी वापरावी.

दमट हवेत बकरीचं कातडं सैल पडतं, उन्हात किंवा शेकोटीजवळ धरलं की ताणतं. रंगमंचावरच्या दिव्यांखाली ते उलट चढत जातं, म्हणून तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर ढोल पुन्हा जुळवण्यासाठी जागा ठेवावी लागते. ध्वनियोजनेत एकच नियम आम्ही ठामपणे सांगू: ओगान प्रत्येक वादकाच्या मॉनिटरमध्ये (वादकाला स्वतःला ऐकण्यासाठी असलेल्या स्पीकरमध्ये) ऐकू आलाच पाहिजे. तो नसला की दहा मिनिटांच्या गाण्यात ताल हळूहळू पसरतो आणि कुणालाच कळत नाही की कोण चुकतंय.

गळ्याचं काम आणखी नाजूक. वोडूच्या विधीत ‘उंगेनिकॉन’ ओळ टाकते आणि ‘उंसी’ म्हणजे दीक्षित भक्तमंडळी ती उचलते. उचलताना पुढारणीचं शेवटचं अक्षर संपायची वाट बघत नाहीत, त्यावर चढतात. स्टुडिओत एकाच गायिकेचा आवाज चार वेळा मुद्रित करून कोरस केला, तर सगळे श्वास एका जागी पडतात आणि समूहाचा भास मोडतो. निदान पाच वेगळे गळे हवेत, आणि ते एका खोलीत एकत्र उभे हवेत. ‘फेय’सारख्या गाण्यात तर हे अर्थाचंच अंग आहे. ‘मी पडलो’ हे एकानं म्हणायचं आणि सगळ्यांनी उचलायचं. उचलणारे आवाज खरे नसतील तर पान एकटंच पडून राहतं.

जिथं हात आखडावा

काही गोष्टी तांत्रिक नाहीत, पण त्या चुकल्या तर बाकी सगळं बरोबर असूनही गाणं हैतीत उभं राहत नाही.

‘कासे’ ही पहिली. मान्मान ढोल मधेच मूळ ताल तोडून आडवे, जोरकस ठोके देतो, तो कासे. नाचणारीच्या अंगात लवा येण्याचा क्षण पुष्कळदा तिथंच असतो. बाहेरून आलेल्या संगीतकाराला कासे म्हणजे छानसा ‘ब्रेक’ वाटतो आणि तो दर आठ ओळींनंतर टाकतो. श्रोत्यांत दीक्षित माणसं असतील तर कुणाच्या तरी अंगात येऊ शकतं. मग तिला सांभाळणारं, तिचे दागिने-चप्पल काढून घेणारं, पडू न देणारं माणूस जवळ हवं. ते नसेल तर कासे वाजवू नये.

क्रम ही दुसरी. विधीत आधी लेग्बाला नमन, कारण दार उघडणारा तो. रादा घराण्यातले लवा आधी, पेट्वो घराण्यातले नंतर, मृत्यूचे आणि पूर्वजांचे गेदे लवा शेवटाकडे. मैफलीत हा क्रम जसाच्या तसा पाळायलाच हवा असं नाही, पण गेदेच्या गाण्यानं सुरुवात करून लेग्बाला शेवटी घेतलं तर हैतीयन श्रोता अस्वस्थ होतो.

तिसरी, गाणं कुणाचं? काही गाणी सगळ्यांची असतात, काही एखाद्या मंदिराची किंवा गुप्त मंडळाची. ‘फेय’ पहिल्या प्रकारातलं, म्हणून ते रेडिओवर नेता आलं. दुसऱ्या प्रकारातलं गाणं घ्यायचं तर त्या मंदिराच्या उंगान-मान्बोला विचारावं, आणि नाही म्हटलं तर तिथंच थांबावं. ध्वनिमुद्रिकेवर ‘पारंपरिक’ आणि ‘मांडणी’ हे दोन श्रेय वेगळे लिहावेत. नुसतं स्वतःचं नाव लिहिलं तर रेडिओच्या आणि विक्रीच्या मानधनाचा सगळा ओघ एकाच खिशात जातो, आणि ज्या ढोलवादकानं ताल शिकवला त्याच्या हाती काहीच लागत नाही. अमेरिकेत वाढलेल्या, हॉटेल चालवणाऱ्या माणसानं गरिबांची गाणी गायची का, हा प्रश्न यातूनच येतो, आणि तो वाजवी आहे. आमच्या मते त्याचं उत्तर कलाकाराच्या वंशावळीत शोधू नये. तो किती वर्षं राहिला, कुणाला पैसे दिले, आणि संकटात पळाला की थांबला, हे बघावं. धमक्या आल्या तरी मोर्स हैतीतच राहिले, वाजवत राहिले, आणि पुढं स्वतः उंगान झाले.

नंतर

१९९३ मध्ये ‘फेय’ ‘आइबोबो’ या ‘राम’च्या पहिल्या संग्रहात आलं. आइबोबो हा वोडूतला जयघोष. सप्टेंबर १९९४ मध्ये अमेरिकी सैन्य हैतीत उतरलं, १५ ऑक्टोबरला आरिस्तिद परतले. लष्करी राजवटीच्या तीन वर्षांत तीन ते पाच हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज सांगितला जातो. ‘गरज पडेल तेव्हा कुठं सापडणार’ या ओळीला त्या दिवशी एक उत्तर मिळालं, निदान आरिस्तिद यांच्यापुरतं.

ल्यूनिझ आणि मोर्स ओलोफसनमध्ये गुरुवारच्या रात्री वर्षानुवर्षं गात राहिले. मैफल सुरू व्हायलाच मध्यरात्र होई. एमेरांत दे प्रादीन २०१८ मध्ये वारल्या, वयाच्या ९९ व्या वर्षी. २९ फेब्रुवारी २००४ रोजी आरिस्तिद यांना पुन्हा देश सोडावा लागला होता. त्या वेळी त्यांचे विरोधक बंदुकांसह रस्त्यावर होते, तसेच त्यांचे समर्थकही. गाण्यातला ‘यो’ तोच होता, पण बोट कुणाकडे जातं ते आता गाणाऱ्यावर अवलंबून होतं.

जुलै २०२५ मध्ये टोळीयुद्धाच्या धुमश्चक्रीत ओलोफसन हॉटेल जळून गेलं. त्याच्या बऱ्याच आधीपासून तिथं पाहुणे येत नव्हते आणि गुरुवारची मैफल थांबली होती. विधीत अजूनही जेव्हा पानाचं गाणं उचललं जातं, तेव्हा एक बाई ओळ टाकते, आणि तिचं शेवटचं अक्षर संपायच्या आत बाकीच्या त्यावर चढतात.